आई-वडिलांचा आरोग्य विमा आणि मनाचे आजार: पॉलिसी कशी वाचायची, क्लेम कसा लावायचा

“आईची पॉलिसी आहे, पण त्यात डिप्रेशन वगैरे धरतात का?” नात्यातून असा फोन आला की मी आधी ‘धरतात’ म्हणते आणि मग विचारते, “खर्च कशावर होतोय?” बहुतेकांचा घोटाळा या दुसऱ्या प्रश्नावर होतो. मी विमा एजंट नाही. वडिलांच्या आणि नंतर मावशीच्या आजारपणात दोन क्लेम लावले. एक सरळ मिळाला, दुसऱ्यासाठी विमा लोकपालांपर्यंत, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत, जावं लागलं. त्या धावपळीत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या मुलामुलींना आणि स्वतःची पॉलिसी स्वतः सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना याचा उपयोग व्हावा.

आधी कायदा, थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संसदेत मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१(४) प्रमाणे शारीरिक आजाराला विमा ज्या तत्त्वावर मिळतो, त्याच तत्त्वावर तो मानसिक आजारालाही द्यावा लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, कंपन्यांना तसं कळवलं. काही कंपन्या तरीही जुन्याच अटी चालवत राहिल्या. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात रुग्णाच्या बाजूने निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाने पुन्हा परिपत्रक काढून महिनाअखेरची मुदत घातली. त्यामुळे ‘मानसिक आजार वगळले आहेत’ अशी ओळ जुन्या पुस्तिकेत छापलेली दिसली, तरी तिच्यावर विसंबून कोणी क्लेम नाकारू शकत नाही.

ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट या कायद्यातल्या व्याख्येत आहे. विचार, मनःस्थिती आणि आकलन यांच्याबरोबर दिशाभान आणि स्मरणशक्ती यांतला गंभीर बिघाडही तिथे मानसिक आजारात धरला आहे. म्हणजे डिमेन्शिया, अर्थात स्मृतिभ्रंशसुद्धा. शिवाय २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत नियामकाने चेतापेशी झिजण्याच्या आजारांना सरसकट वगळायला मनाई केली. ‘हे तर म्हातारपण आहे, याला विमा कसला’ असं काउंटरवर कुणी म्हणालं, तर हे सांगता येतं.

पहिली पायरी: खर्चाचे तीन ढीग करा

पॉलिसी उघडण्याआधी एक कागद घ्या. आई-वडिलांच्या आजारावर सध्या होणारा किंवा पुढे होऊ शकणारा खर्च तीन ढिगांत लिहा: भरती, ओपीडी, सांभाळ.

भरतीच्या ढिगात हॉस्पिटलात राहून घेतलेले उपचार येतात. तीव्र नैराश्यात जेवणखाण सुटलं, भ्रम-भास वाढून घरी सांभाळणं अशक्य झालं, औषधं बदलताना देखरेख लागली, असे प्रसंग. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात या ढिगासाठी बनलेला आहे. साधारणपणे २४ तासांची भरती ही त्याची अट. भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतल्या तपासण्या, औषधं आणि डॉक्टरांची फीही मिळते. आधीचे ३० किंवा ६० दिवस, नंतरचे ६० किंवा ९० दिवस असे आकडे सहसा दिसतात. पण हे सगळं त्याच आजाराच्या भरतीला जोडलेलं असायला हवं.

ओपीडीच्या ढिगात महिन्या-दोन महिन्यांनी सायकिआट्रिस्टची भेट, रोजच्या गोळ्या, समुपदेशनाची सत्रं, स्मरणशक्तीच्या चाचण्या. म्हातारपणातलं नैराश्य आणि चिंतारोग बहुतेक वेळा याच ढिगात राहतात, आणि साध्या पॉलिसीत नेमका हाच ढीग नसतो. कायदा ‘शारीरिक आजाराइतकंच’ म्हणतो. शारीरिक आजाराची ओपीडी तुमच्या पॉलिसीत नसेल तर मानसिकचीही मिळणार नाही, आणि त्यात कंपनीची चूक नाही. काही कंपन्या ज्यादा प्रीमियम घेऊन ओपीडीचं जोडकलम देतात. ते घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: सायकिआट्रिस्टची फी धरता का, सायकॉलॉजिस्टची सत्रं धरता का, औषधं धरता का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर जोडकलमाचा हप्ता आणि वर्षाचा प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी मांडून बघा. पुष्कळदा पैसे बाजूला ठेवलेलेच परवडतात.

तिसरा ढीग सांभाळाचा, आणि डिमेन्शियाच्या घरात सर्वांत मोठा. दिवसपाळी-रात्रपाळीच्या बायका किंवा वॉर्डबॉय, डायपर, डे-केअर केंद्र, शेवटी शेवटी निवासी केंद्र. विमा यातलं काही देत नाही. सर्व पॉलिसींत समान असलेल्या वगळणुकींच्या यादीत पाचवा क्रमांक विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरत्या देखभालीचा आहे. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, चालवणं यांसाठी घेतलेली मदत त्यात नाव घेऊन वगळली आहे, मग ती शिकलेल्या नर्सने केलेली का असेना. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून निवासी केंद्रात जागा ठरवून मोकळी झालेली घरं मी पाहिली आहेत. या ढिगाची तजवीज पहिल्या दिवसापासून वेगळी करा.

तीन ढिगांचे आकडे समोर आले की विम्याकडून किती अपेक्षा धरायची ते कळतं. मला स्वतःला हा कागद पॉलिसीच्या पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडला.

दुसरी पायरी: हातातली पॉलिसी इथे इथे वाचा

पुस्तिका ४०-५० पानांची असते. सगळी वाचायची गरज नाही. पीडीएफमध्ये ‘मेंटल’, ‘सायकिआट्रिक’, ‘को-पेमेंट’, ‘सब-लिमिट’ आणि ‘रूम रेंट’ हे शब्द इंग्रजीत शोधा. सोबत ग्राहक माहितीपत्रक येतं. ते आधी वाचा, भाषा त्यातल्या त्यात सोपी असते.

सब-लिमिट, म्हणजे एकूण विमा रकमेच्या आत एखाद्या आजारासाठी घातलेली छोटी मर्यादा. दिल्ली उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात पॉलिसी ३५ लाखांची होती आणि मानसिक आजारासाठी मर्यादा ५० हजारांची. तुमच्या पॉलिसीत अशी मर्यादा असेल, तर शारीरिक आजारांना तशी नाही हे नोंदवून कंपनीला ई-मेल करा. उत्तर काहीही येवो, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो ई-मेल कामाला येतो.

को-पे म्हणजे प्रत्येक बिलातला तुमचा वाटा. ज्येष्ठांच्या खास पॉलिसींत तो १०, २०, कधी ३० टक्केही असतो. रूम रेंटची मर्यादा याहून फसवी. ती ओलांडली तर फक्त खोलीचा फरक भरावा लागतो असं लोकांना वाटतं, पण कपात खोलीशी जोडलेल्या इतर खर्चांनाही त्याच प्रमाणात लागते.

हिशेब करून बघू. विमा रक्कम पाच लाख, खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. शांत हवी म्हणून आपण ८,००० ची खोली घेतली. एकूण बिल १,५०,००० झालं. त्यात खोली, नर्सिंग, डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून ८०,०००, औषधं आणि तपासण्या ६०,०००, आणि अटेंडंट व डायपर १०,०००. पहिल्या ८०,००० चे पाच-अष्टमांश म्हणजे ५०,००० धरले जातात. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते ६०,००० पूर्ण. अटेंडंट आणि डायपर न देण्याच्या यादीत, म्हणून शून्य. झाले १,१०,०००. त्यातून २० टक्के को-पेचे २२,००० गेले. कंपनी देणार ८८,०००, तुमच्या खिशातून ६२,०००. मर्यादेतली खोली घेतली असती तर खोलीचं भाडं मुळात कमी लागलं असतं आणि ही प्रमाणातली कपातही टळली असती. मानसोपचाराच्या भरतीत घरचं किंवा पगारी माणूस सोबत ठेवायला हॉस्पिटल अनेकदा सांगतं. तो खर्च आपलाच समजून चाला.

आणखी एक शब्द: प्रतीक्षा काळ, बोलीभाषेत वेटिंग. नव्या पॉलिसीचे पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच पैसे मिळत नाहीत. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं. पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती, २०२४ च्या नियमांनी ती खाली आली. काही पॉलिसींत ठरावीक आजारांसाठी वेगळा प्रतीक्षा काळ असतो आणि त्या यादीत मानसिक आजार घातलेले असू शकतात. तेही बघा.

वगळणुकींच्या यादीत आणखी दोन क्रमांक. चौथा: फक्त तपासणीसाठी झालेली भरती. ‘दोन दिवस ठेवून सगळ्या टेस्ट करून घेऊ’ या बेताला पैसे मिळत नाहीत. बारावा: दारू आणि इतर व्यसनांवरचे उपचार. इथे गंमत अशी की व्यसनाशी निगडित मानसिक स्थिती २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत आहेत आणि वगळणुकींच्या यादीतही आहेत. वडिलांची दारू हा आजाराचा भाग असेल तर क्लेमवर वाद होणार, हे धरून कागद पक्के ठेवा.

तिसरी पायरी: फॉर्मवर लिहा, सगळं लिहा

सगळ्यांत जास्त क्लेम मी इथे अडकलेले ऐकले आहेत. प्रस्तावपत्रात विचारलेलं असतं: मानसिक आजाराचे उपचार कधी घेतले आहेत का? आणि आपण बिनदिक्कत ‘नाही’ लिहितो. आईच्या झोपेच्या गोळीला आपण आजार म्हणत नाही. वडील निवृत्त झाल्यावर वर्षभर ‘मूडची गोळी’ घेत होते, ते घरात कुणी उच्चारत नाही. कधी एजंटच म्हणतो, “हे कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल.” पुढे भरती होते, डॉक्टर केस पेपरवर ‘तीन वर्षांपासून उपचार चालू’ असं खरं ते लिहितात, आणि कंपनीच्या हातात कारण येतं.

पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यावर सल्ला वा उपचार घेतले, तो आधीपासूनचा आजार. गोळी बंद झाली असली तरी. तेव्हा गोळीचं नाव, कोणी दिली, कधीपासून कधीपर्यंत, सगळं लिहा. एजंटने भरलेला फॉर्म सही करण्याआधी स्वतः वाचा आणि त्याची प्रत मागून घ्या.

लिहिल्याने काय होतं? प्रीमियम वाढू शकतो, वेटिंग लागू शकतं, काही वेळा प्रस्ताव नाकारलाही जातो. २०१९ च्या सूचनांत अल्झायमर आणि पार्किन्सनसकट काही गंभीर आजारांची यादी होती. ते आधीच झालेले असतील तर अर्जदाराच्या संमतीने कायमचे वगळून बाकी आजारांसाठी पॉलिसी देता येईल, अशी ती तरतूद. तुमच्यापुढे असं संमतीपत्र आलं तर सहीची घाई करू नका. नेमका कोणता आजार वगळला जातोय ते बघा, कारण ‘अल्झायमर’ आणि ‘सर्व मानसिक आजार’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याच्या उलट बाजूला एक दिलासा आहे. सलग ६० महिने हप्ते भरून झाले की, सिद्ध होणारी फसवणूक सोडली तर, माहिती दिली नव्हती या कारणावर कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागत. जुनी पॉलिसी मोडून नवी चकचकीत पॉलिसी घ्यायच्या आधी हा आकडा आठवा. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टिंग करून, म्हणजे चालू पॉलिसी न तोडता दुसऱ्या कंपनीकडे नेऊन बदला. त्यात आधीच्या पॉलिसीत भोगून झालेला प्रतीक्षा काळ जमेस धरतात. अर्ज नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी टाका आणि नव्या कंपनीचा होकार हातात येईपर्यंत जुनी सोडू नका.

नवी पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. दुसऱ्या पायरीतलं वाचन या ३० दिवसांत उरकलं तर उत्तम. वयाचं म्हणाल तर ६५ नंतर पॉलिसी मिळतच नाही हे आता खरं नाही. २०२४ पासून ती वयोमर्यादा नियमांतून गेली. कंपनीने किती प्रीमियम सांगावा हा मात्र वेगळा विषय. तरी जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे.

चौथी पायरी: विसरण्याच्या आजारात नूतनीकरण कोण लक्षात ठेवणार?

पॉलिसी वडिलांच्या नावाची, मोबाइल नंबर वडिलांचा, ई-मेल दहा वर्षांपूर्वी कुणीतरी काढून दिलेला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आठवणपत्रं तिथेच जातात. वडील नैराश्यात फोन उचलत नाहीत किंवा डिमेन्शियात मेसेज कळत नाही. हप्ता चुकतो. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते. तीही टळली की पॉलिसी संपली, आणि सगळे प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून. वय ७६, आजार जाहीर. आता कोण पॉलिसी देणार?

म्हणून आजची कामं. पॉलिसीत मुलाचा किंवा मुलीचा मोबाइल आणि ई-मेल नोंदवा. हप्ता जिथून आपोआप कापला जाईल त्या बँक खात्यावर दुसरं नाव असू द्या. क्लेमचे पैसे कोणत्या खात्यात येणार ते तपासा. नॉमिनी भरलेला आहे ना ते बघा. हे बदल आई-वडील स्वतः सही करू शकतात तोवर दहा मिनिटांचे आहेत, नंतर त्यांचीच महिनोन्‌महिने कागदपत्रं होतात. त्याच बैठकीत आणखी एक करता येईल. २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लेखी नेमण्याचा आणि मानसिक आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत याची आगाऊ सूचना लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. विम्याशी त्याचा थेट संबंध नाही, पण भरतीच्या वेळी ‘निर्णय कोण घेणार’ या वादात जाणारे तास वाचतात.

मुलाच्या ऑफिसच्या गटविम्यात आई-वडील असतील तर उत्तमच. तिथे आधीच्या आजारांनाही सहसा पहिल्या दिवसापासून पैसे मिळतात. नोकरी सुटली की ते कवच जातं, म्हणून राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येईल का ते विचारा. अनेकांना हे नंतर सुचतं.

पाचवी पायरी: सत्तरी झाली असेल तर सरकारी कार्ड काढून ठेवा

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना. एका घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. वय आधारवरून धरतात, नोंदणी आयुष्मान अ‍ॅपवर किंवा योजनेतल्या रुग्णालयात होते. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. प्रतीक्षा काळ अजिबात नाही, म्हणून ज्यांना खासगी कंपनीने आजारामुळे नाकारलं त्यांच्यासाठी हे पहिलं दार.

मानसिक आजारांची पॅकेजेस या योजनेत आहेत, पण ती मुळात सरकारी रुग्णालयांकडे राखलेली आहेत आणि पूर्वपरवानगी लागते. घराजवळचं खासगी हॉस्पिटल योजनेत आहे म्हणून तिथला मानसोपचार विभागही योजनेत असेल असं धरू नका. आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारा. ओपीडी इथेही नाही. ओपीडीसाठी सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आणि ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं हा स्वस्त पर्याय. ‘येरवडा’ शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी तिथली ओपीडी एकदा डोळ्यांनी बघावी.

सहावी पायरी: भरतीच्या दिवशी

ठरवून भरती असेल तर दोन दिवस आधी आणि अचानक असेल तर २४ तासांच्या आत कंपनीला किंवा टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला कळवा. कॅशलेसची पहिली परवानगी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची शेवटची तीन तासांत मिळायला हवी, असा २०२४ चा नियम आहे. काउंटरवर ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकलं की हे आकडे शांतपणे सांगायचे.

हॉस्पिटल निवडताना नोंदणी विचारा. मानसिक रुग्णांना भरती करणारी संस्था राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली असायला हवी, आणि पॉलिसीतल्या ‘हॉस्पिटल’च्या व्याख्येतही बसायला हवी. खाटांची संख्या, २४ तास नर्स आणि डॉक्टर वगैरे. ‘पुनर्वसन केंद्र’ अशी पाटी असलेल्या जागी उपचार कितीही चांगले असोत, क्लेम बहुतेक अडतोच. नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स पहिल्याच दिवशी घ्या. डिस्चार्जनंतर ती मिळवायला चार चकरा होतात.

आता ज्येष्ठांच्या बाबतीतली एक खास गोष्ट. सकाळपर्यंत ठीक असलेली आजी संध्याकाळी असंबद्ध बोलू लागते, भिंतीवर माणसं दिसतात, रात्रभर झोपत नाही. घरचे म्हणतात ‘वेड लागलं’, कुणी म्हणतं ‘डिमेन्शिया’. पुष्कळदा ते असतं डिलिरियम: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा एखाद्या औषधाचा परिणाम. बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं, दोन्हींनी म्हाताऱ्या शरीरात सोडियम उतरू शकतं. उपचार मूळ शारीरिक कारणावर होतो, माणूस काही दिवसांत ताळ्यावर येतो. पण केस पेपरवर घाईत फक्त ‘सायकोसिस’, म्हणजे भ्रम-भासांचा मानसिक आजार, एवढंच लिहिलं गेलं तर क्लेम भलत्याच कप्प्यात जातो. सब-लिमिट, वेटिंग, सगळं त्याच्या मागे. माझ्या मावशीचं हेच झालं. सोडियम उतरल्याचा रिपोर्ट फाइलमध्ये होता, डिस्चार्ज समरीत त्याचा उल्लेखच नव्हता.

म्हणून डिस्चार्ज समरी घरी नेण्याआधी वाचा. अंतिम निदानात मूळ कारण आलंय का? भरतीची गरज का होती, म्हणजे खाणं बंद, जिवाला धोका, घरी उपचार अशक्य, हे लिहिलंय का? आजार किती दिवसांचा याची नोंद बरोबर आहे का? आजी म्हणते “मला कायमच असं होतं”, आणि निवासी डॉक्टर लिहितो ‘दहा वर्षांपासून’. चूक असेल तर डॉक्टरांना जुने कागद दाखवून दुरुस्ती करून घ्या. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका. खरं आहे ते पूर्ण लिहा एवढंच सांगायचं. वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला २०१७ च्या कायद्यानेच दिला आहे.

तीव्र नैराश्यात डॉक्टर ईसीटी सुचवतात, ज्याला लोक अजून ‘शॉक’ म्हणतात. हल्ली ती भूल देऊन करतात, वृद्धांत चांगला गुण येतो, आणि प्रत्येक वेळी २४ तास भरती लागतेच असं नाही. म्हणून पहिल्या सत्राआधीच ‘हे डे-केअरमध्ये, म्हणजे २४ तासांच्या भरतीची अट नसलेल्या उपचारांत, धरणार का’ असं टीपीएला ई-मेलवर विचारा. फोनवरचं ‘हो’ कुठेच नोंदलं जात नाही.

सातवी पायरी: नकार आला तर

नकार लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते नमूद करून. कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय आता क्लेम नाकारता येत नाही, तेव्हा समितीपुढे तो गेला होता का हेही विचारा. नुसता हा प्रश्न विचारल्यावर फाइल पुन्हा उघडल्याचं एक उदाहरण माझ्या ओळखीत आहे.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र. एका पानाचं, रडगाणं न लावता. आजार, तारखा, नकाराचं कारण, ते का चुकीचं आहे, कलम २१(४) चा उल्लेख, सोबत कागद. समांतर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा, किंवा १५५२५५ वर फोन.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत यावं लागतं. मावशीच्या वेळी मी सोडियमचा रिपोर्ट, डॉक्टरांचं दुरुस्त केलेलं पत्र आणि ई-मेलच्या प्रती तारखेनुसार लावून नेल्या होत्या. सुनावणीत मला जेमतेम दहा मिनिटं बोलायला मिळालं, कागदच बोलले. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो.

दोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, कारण क्लेमच्या गडबडीत मूळ माणूस मागे पडतो. टेली-मानस १४४१६, सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन, दिवसरात्र चालू आणि मराठीतही बोलता येतं. आणि एल्डरलाइन १४५६७, खास ज्येष्ठांसाठी. या दोन्हींना पॉलिसी नंबर लागत नाही.